नोंदणीच्या हंगामातला ताप

मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात नोव्हेंबर लागला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. थंडी अंगावर यायला लागते, आणि जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राचे विषय निवडण्याची धावपळ उडते. मिशिगन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हवे ते विषय आधीच निवडून बाजूला काढून ठेवता येतात. या सोयीला तिथे सगळे ‘बॅकपॅक’ म्हणतात. मग प्रत्येकाला नोंदणीची तारीख आणि वेळ मिळते. ज्याच्या खात्यावर क्रेडिट जास्त त्याची वेळ आधी, नवख्यांची शेवटी. वेळ झाली की बॅकपॅकमधले विषय नोंदवायचे. तोवर एखाद्या गाजलेल्या प्राध्यापकाच्या वर्गातल्या जागा भरून गेल्या असतील, तर वेटलिस्टवर नाव टाकून वाट बघत बसायचे.

२०२१ साली या धावपळीत फ्लू घुसला. ६ ऑक्टोबरला विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात पहिला रुग्ण सापडला. ८ नोव्हेंबरला सुरू झालेल्या एकाच आठवड्यात ३१३ नवे रुग्ण निघाले. त्या आठवड्यात तपासणी करून घेणाऱ्या दर शंभरांतल्या ३७ जणांना फ्लूच होता. १९ नोव्हेंबरपर्यंत ३,१२१ जणांची तपासणी झाली आणि त्यांतले ७४५ बाधित निघाले. बहुतेक सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. त्याच्या आदल्या वर्षी कोविडमुळे वर्ग पडद्यावर भरत होते आणि जगभरातून फ्लू जवळजवळ गायब झाला होता. आता वसतिगृहे पुन्हा भरली होती, फुटबॉलच्या सामन्यांना स्टेडियम ओसंडून वाहत होते. भारतीय मुलांची दिवाळीही त्याच दिवसांत आली, ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आठवडाभर उरला होता, आणि हीच मुले आता घरोघरी, आजी-आजोबांपर्यंत जाणार होती. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, अटलांटाहून आपली माणसे तपासाला धाडली.

सुरुवातीलाच एक आकडा सगळीकडे छापून आला: बाधितांपैकी ७७ टक्के मुलांनी फ्लूची लस घेतलेली नव्हती. वाचणारा काय समजायचे ते समजला. पण या आकड्याशी थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या फ्लूच्या हंगामातही असाच एखादा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत येणार आहे. बाधितांमध्ये लस न घेतलेले किती, हे एकटे कळून उपयोग नाही. खोकला-तापाची तीच तक्रार घेऊन आलेल्या, पण तपासणीत फ्लू न निघालेल्या मुलांमध्ये लस न घेतलेले किती होते, तेही कळायला हवे. सीडीसीच्या तपासनीसांनी नेमके तेच मोजले. दोन्ही गटांत लस घेतलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे, चौथ्या हिश्श्याच्या आसपास निघाले. म्हणजे त्या मोसमात, त्या विषाणूविरुद्ध, त्या तरुण मुलांना घरी झोपवणाऱ्या तापापासून लसीने फारसे वाचवले नव्हते. विषाणू एच३एन२ जातीचा होता आणि लसीसाठी नमुना निवडला गेल्यानंतर तो पुढे सरकला होता. दवाखान्यात भरती होण्याची वेळ लसीने किती टाळली, हे मात्र या पाहणीतून ठरवता येत नव्हते. तिथे आलेली पोरे एरवी धडधाकट होती.

यात अ‍ॅन आर्बरला नवीन काहीच नव्हते. हाच विद्यापीठ परिसर आणि हेच वय यांच्यावर फ्लूच्या लसीचा पहिला मोठा विजय नोंदला गेला आणि पहिला मोठा पराभवसुद्धा.

थॉमस फ्रान्सिस हे विषाणूतज्ज्ञ १९४१ साली मिशिगन विद्यापीठात आले. त्यांच्या प्रयोगशाळेत जोनास साल्क नावाचा तरुण डॉक्टर उमेदवारी करत होता. पोलिओच्या लसीमुळे जगाला ठाऊक झालेला तोच हा साल्क. दुसरे महायुद्ध चालू होते. १९१८च्या फ्लूच्या साथीने छावण्यांत घातलेला हैदोस लष्कर विसरले नव्हते. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि टोचायचा, अशी लस फ्रान्सिस यांच्या मंडळींनी तयार केली. ती तपासायला माणसे हवी होती, ती मिळाली विद्यापीठांमध्ये: लष्कराने निरनिराळ्या महाविद्यालयांत प्रशिक्षणासाठी पाठवलेले तरुण. १९४३च्या शरद ऋतूत अशा साडेबारा हजारांच्या आसपास मुलांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतेच पाणी टोचले गेले. थोड्याच दिवसांत साथ आली. लस घेतलेल्यांपैकी सुमारे २ टक्के आजारी पडले, न घेतलेल्यांपैकी सुमारे ७ टक्के. लस-संशोधनात इतका स्वच्छ निकाल क्वचित हाती लागतो.

चारच वर्षांनी, १९४७ मध्ये, तीच लस मिशिगनच्या हजारो विद्यार्थ्यांना दिली गेली. साथ आली आणि लस घेतलेले व न घेतलेले जवळजवळ सारख्याच प्रमाणात अंथरुणाला खिळले. लस बिघडलेली नव्हती. बदलला होता तो विषाणू. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर दोन प्रकारचे प्रथिनांचे काटे असतात, हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज; नावातले एच आणि एन ते हेच. विषाणू स्वतःच्या नकला काढतो तेव्हा त्याच्याकडून चुका होतात, आणि त्या चुकांमधून या काट्यांचा आकार हळूहळू बदलत जातो. काल ओळख पटलेल्या चोराने आज मिशी काढावी, तसे आपल्या प्रतिपिंडांचे होते. १९४७च्या त्या फजितीनंतर जगभर विषाणूवर नजर ठेवण्याची गरज पटली, आणि १९५२पासून जागतिक आरोग्य संघटनेचे प्रयोगशाळांचे जाळे ते काम करत आहे. दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लसीत कोणते नमुने घ्यायचे ते ठरते. लस अंड्यांत वाढवून, भरून, गावोगाव पोहोचवायला सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत विषाणू आणखी सरकला, की २०२१सारखे वर्ष उगवते. बाकीच्या वर्षांत लस बरी चालते. दरवर्षी नव्याने टोचून का घ्यायचे, याचेही कारण यातच आहे.

फ्रान्सिस यांच्याच परंपरेतले जॉन मासाब हे मिशिगनमधले आणखी एक नाव. विषाणूला थंडाव्यात वाढायची सवय लावली तर तो नाकाच्या थंड भागात तग धरेल, पण फुप्फुसाच्या उबेत त्याचा जोर चालणार नाही, हा त्यांचा हिशेब. १९६०च्या दशकात त्यांनी असा विषाणू तयार केला. त्यापासून बनलेली नाकात फवारायची लस, फ्लूमिस्ट, अमेरिकेत २००३ साली मंजूर झाली. २ ते ४९ या वयातल्या निरोगी माणसाला ती चालते आणि सुईला घाबरणाऱ्या विद्यार्थ्याला हे कळले तर तो खूश होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली नाकातून द्यायची ‘नेझोव्हॅक’ बाजारात आणली तीही याच कल्पनेवर, फक्त तिचा मूळ विषाणू रशियातल्या लेनिनग्राडच्या संशोधकांनी घडवलेला होता.

पुण्याला ती लस तेव्हा का हवी होती, हे पुणेकरांना सांगायला नको. स्वाइन फ्लूने भारतात घेतलेला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातला, शाळेत जाणारी एक मुलगी. शाळा-महाविद्यालये, चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, रस्त्यांवर रुमाल बांधलेले चेहरे दिसू लागले. त्याच ऑगस्टच्या अखेरीस तिकडे वॉशिंग्टन राज्यात पुलमन या गावातल्या विद्यापीठाचे सत्र उघडले, आणि दोन आठवडे होत नाहीत तोच दोन हजारांवर विद्यार्थ्यांनी तशाच तापाची तक्रार नोंदवली. नवी मुले देशभरातून येतात, एकेका खोलीत दोघे-दोघे राहतात, रात्री पार्ट्यांना एकाच पेल्यातून पितात. पहिल्या आठवड्यात कोणाचे वर्गमित्र कोण तेही ठरलेले नसते. विषय सोडणे-घेणे चालू असल्याने प्रत्येक जण दोन-चार जास्तीच्या वर्गांत डोकावून येतो. विषाणूला याहून सोयीचा आठवडा शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तर वर्षात दोन हंगाम येतात. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. थंडीत तो पुन्हा थोडा डोके वर काढतो. अमेरिकेत ऑक्टोबरात सुरुवात होते, डिसेंबर ते फेब्रुवारीत कळस गाठला जातो आणि मे महिन्यापर्यंत शेपूट चालू राहते. मिशिगनच्या थंडीत तो का माजतो, याचे एक उत्तर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २००७ साली गिनीपिगांवर प्रयोग करून दिले: थंड आणि कोरड्या हवेत विषाणू एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात सहज पोहोचतो, उबदार आणि दमट हवेत त्याची दमछाक होते. बाहेरची बर्फाळ हवा हीटरने तापवली की ती आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, नाक आतून सुकते. त्यात खिडक्या चार महिने बंद. पावसाळी मुंबईत हवा दमट असूनही फ्लू पसरतो, तेव्हा नुसत्या ओलाव्यावर सगळे भागत नाही. पावसाने माणसे घरात, लोकलमध्ये, वर्गात कोंडली जातात, हेही खरे.

ऑगस्टात विमानात बसणाऱ्या विद्यार्थ्याने मे महिन्यात पुण्यात किंवा ठाण्यात फ्लूची लस घेतली असली, तरी अमेरिकेतली नव्या मोसमाची लस त्याने घ्यायला हवी. संरक्षण काही महिन्यांत ओसरते आणि नमुनेही बदललेले असू शकतात. सीडीसीचा सल्ला ऑक्टोबर संपण्याआधी घेण्याचा आहे, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात. बहुतेक विमा योजनांत ती फुकट असते. औषधाच्या दुकानात, अगदी वाणसामान घेता घेता, टोचून मिळते. घरी अंडे न चालणाऱ्यांसाठी एक माहिती: सगळ्याच लसी अंड्यात वाढवलेल्या नसतात. फ्लूसेल्व्हॅक आणि फ्लूब्लॉक या दोन लसी अंड्याशिवाय बनतात, आणि दुकानदाराला विचारले तर तो त्या देतो किंवा कुठे मिळतील ते सांगतो. एवढे सगळे सोयीचे असून अमेरिकेतही १८ ते ४९ वयोगटात लस घेणारे निम्म्याहून कमीच असतात. ऑक्टोबरात मिडटर्म असतात ना.

नोंदणी आणि तब्येत यांची पहिली गाठ मात्र फ्लूच्याही आधी पडते. अमेरिकी विद्यापीठात विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘होल्ड’ लागू शकतो. होल्ड असेपर्यंत नोंदणीचे बटण दाबले तरी काही घडत नाही. फी थकली की होल्ड, सल्लागाराला भेटला नाहीत की होल्ड, आणि अनेक विद्यापीठांत लसीकरणाचे कागद दिले नाहीत तरी होल्ड. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांचा पुरावा बऱ्याच ठिकाणी लागतो, काही ठिकाणी मेनिंजायटिसचाही. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईने कपाटात ठेवलेले असते आणि विद्यार्थी त्याचा फोटो मागवतो तेव्हा नोंदणी दोन दिवसांवर आलेली असते. क्षयाच्या तपासणीची आणखी वेगळी भानगड. भारतातून आलेल्यांची ती बहुधा होतेच. पण आपल्याला बाळपणी बीसीजी टोचलेली असल्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी विनाकारण ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा खेपा, घरच्यांना घोर. अशा वेळी रक्ताची चाचणी मागावी, बीसीजीमुळे ती फसत नाही. २०२० साली तर कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या सगळ्या परिसरांतल्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना १ नोव्हेंबरपर्यंत फ्लूची लस सक्तीची केली होती.

होल्ड सुटला, वेळ आली. आता कोणते विषय, किती आणि कितीला? या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न विद्यार्थी फार हलक्यात घेतात. सकाळी आठचा वर्ग रिकामा असतो म्हणून तो मिळतो, आणि तो रिकामा का असतो हे फेब्रुवारीत कळते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात संशोधकांनी वायफायच्या नोंदींवरून हजारो विद्यार्थ्यांची हजेरी मोजली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठच्या व्याख्यानांना हजेरी नंतरच्या व्याख्यानांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी निघाली. पुष्कळ जण वर्गाची वेळ उलटून गेली तरी झोपलेलेच होते. जे उठून जात होते त्यांची झोप कापली जात होती, कारण सकाळचा वर्ग आहे म्हणून विशीतला मुलगा रात्री दहाला झोपतो असे होत नाही. मिशिगनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलाला तर घरचा फोनही असतो. नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की भारत साडेदहा तास पुढे. आईचा सकाळचा चहा होतो तेव्हा याची रात्र असते.

झोपेचा आणि आजाराचा संबंध आजीच्या उपदेशापुरता नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शेल्डन कोहेन यांनी १५३ निरोगी माणसांची झोप दोन आठवडे नोंदवून ठेवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना हॉटेलात ठेवून वाट पाहिली. रोज सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. हा निष्कर्ष २००९चा, आणि सर्दीचा. फ्लूला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण फ्लूच्या लसीबद्दल शिकागोतला एक प्रयोग आहे. काही तरुणांना लागोपाठ काही रात्री फक्त चार तास झोपू दिले आणि त्याच दरम्यान लस टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे पुरेशी झोप घेतलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरली. नंतर झोप भरून निघाल्यावर हा फरक ओसरला, पण फ्लू ऐन रंगात असताना ते दहा दिवस महाग पडू शकतात. झोपेसारखेच ताणाचेही: ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर मुद्दाम छोटीशी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या दिवसांतली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. विद्यार्थी अवघे अकरा होते. पण त्या अकराही जणांची परीक्षेतली जखम सुट्टीतल्यापेक्षा सावकाश भरली.

तेव्हा विषयांची निवड हा तब्येतीचाही निर्णय असतो. डिसेंबरात तीन प्रकल्प एकाच आठवड्यात द्यायचे आहेत हे सप्टेंबरातल्या अभ्यासक्रम-पत्रिकेवर छापलेलेच असते. जानेवारीच्या सत्राची निवड करताना प्रत्येक प्राध्यापकाची जुनी पत्रिका मागवून हजेरीचे गुण किती, आजारी पडल्यास काय, सगळ्यात कमी गुणांची एखादी चाचणी वगळतात का, एवढे पाहिले तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो. वरिष्ठ विद्यार्थी नवख्यांना ‘कोणता प्रोफेसर मार्क देतो’ एवढेच सांगतात. आजारी विद्यार्थ्याशी कोण नीट वागतो, हे त्यांना विचारावे लागते.

इतके करूनही ताप येतोच, आणि नेमका नोंदणीच्या दिवशी येतो. फ्लूचा ताप ओळखू येतो: सर्दीसारखा तो पावलापावलाने येत नाही, दुपारी ठीक असलेला माणूस संध्याकाळी अंग मोडून पडतो. थंडी वाजते, डोळ्यांच्या मागे दुखते, कोरडा खोकला छातीत घुमतो. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन दिवसांत हे सुरू होते, आणि गंमत म्हणजे लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस इतरांना आजार देत असतो. नोंदणीसाठी त्याने ग्रंथालय गाठण्याचे काहीच कारण नाही. दिलेली वेळ ही दार उघडण्याची वेळ असते. ते त्यानंतर उघडेच राहते. बॅकपॅक आधी भरलेली असेल, तर पांघरुणातून फोनवर चार बटणे दाबून काम होते. भरलेली नसेल, तर १०२ तापात वेळापत्रकांचे तुकडे जुळवत बसावे लागते आणि दोन वर्ग एकाच वेळी नोंदवायचा प्रयत्न होतो.

मग औषध. मराठी मुलाच्या बॅगेत क्रोसिन, एखादे अझिथ्रोमायसिन आणि सुंठ असतेच. अझिथ्रोमायसिन जिवाणूंवर चालते, फ्लूच्या विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. ते तसेच बॅगेत राहू द्यावे. क्रोसिनचे प्रकरण जास्त नाजूक आहे. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. त्याच औषधाला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने विकले जाते. डेक्विल आणि नायक्विल या सर्दी-खोकल्याच्या लोकप्रिय औषधांतही तेच असते. सकाळी क्रोसिन, दुपारी मित्राने दिलेले टायलेनॉल, रात्री झोप यावी म्हणून नायक्विल, असे झाले की माणूस तीन वेगळी औषधे समजून एकच औषध तिप्पट घेतो. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. तिच्यापुढे यकृताला इजा होते, आणि उपाशीपोटी किंवा मद्य घेतले असल्यास आधीच. पाकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचायला दहा सेकंद लागतात. हळदीचे दूध, तुळशीचा काढा घशाला बरे वाटायला ठीक. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर सांडणार नाही एवढे बघावे.

फ्लूवर खरे औषध आहे, ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमीफ्लू. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तर सर्वात जास्त उपयोगी पडते. धडधाकट विशीतल्या मुलाला ते लागेलच असे नाही, आजार साधारण दिवसभराने कमी होतो इतकेच. पण दमा, मधुमेह किंवा गरोदरपण असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ‘आज अंगावर काढू, उद्या बघू’ ही आपली जुनी खोड इथे नडते. जायचे कुठे, हा अमेरिकेतला दुसरा प्रश्न. अनेक विद्यापीठांत आरोग्य केंद्राची फी सत्राच्या शुल्कातच घेतलेली असते. तिथे फोन करावा, रात्रीही परिचारिकेशी बोलण्याची सोय बहुधा असते. रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग हजारो डॉलरचे बिल हाती देऊ शकतो, म्हणून मुले तो टाळतात. साध्या तापाला ते योग्यच. मात्र धाप लागणे, छातीत दुखणे, भान हरपणे, लघवी न होणे, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी दुप्पट जोराने परत येणे, यांतले काही झाले तर बिलाचा विचार नंतर. शेवटच्या लक्षणामागे न्यूमोनिया असू शकतो.

खोलीतला जोडीदार काय करतो? मिशिगननेच याचाही अभ्यास केला. २००६-०७च्या हिवाळ्यात अ‍ॅलिसन आयेलो यांच्या गटाने वसतिगृहांत राहणाऱ्या १,४३७ विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले: एकाला मास्क, दुसऱ्याला मास्क आणि हात धुण्याचे द्रावण, तिसऱ्याला काही नाही. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मास्क आणि हात-धुणे दोन्ही पाळणाऱ्यांमध्ये फ्लूसारखे आजार ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी निघाले. नुसत्या मास्कचा परिणाम ठामपणे दिसला नाही. २०१३ साली याच विद्यापीठात ५९० विद्यार्थ्यांना घेऊन आणखी एक प्रयोग झाला. त्यात लक्षणे दिसताच काही जणांना तीन दिवस आपल्या खोलीतच थांबायला सांगितले गेले. विशीतल्या माणसाला तीन दिवस खोलीत थांबायला सांगणे हाच मुळात एक प्रयोग आहे. आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात चार मराठी मुले, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, तिथे वेगळे राहायचे म्हणजे दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, खिडकी थोडी उघडून. सीडीसीचा नियम सोपा आहे: ताप उतरवणारी गोळी न घेता २४ तास ताप नसेल आणि एकूण बरे वाटत असेल, तरच बाहेर. गोळी घेऊन ९८ वर आणलेला ताप मोजून वर्गाला जाणारे सगळ्यांनीच पाहिलेत.

वर्ग बुडणार असेल तर प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी दोन ओळींची ईमेल पाठवावी. डॉक्टरांची चिठ्ठी लागते का, ते त्यातच विचारावे. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सरांना आजारपण कळवणे म्हणजे सबब सांगण्यासारखे वाटते, आणि तो बरा झाल्यावर खजील चेहऱ्याने जाऊन उभा राहतो. तोवर पुनर्परीक्षेची मुदत गेलेली असते. जानेवारीत याची आणखी एक बाजू आहे. भारतातून सुट्टी संपवून, वीस-बावीस तासांचा प्रवास करून मुले पहिल्या आठवड्यात परततात, तेव्हा अमेरिकेतला फ्लू ऐन भरात असतो. काही विभागांत पहिल्या तासांना न दिसणाऱ्याचे नाव काढून जागा वेटलिस्टवरच्याला देतात. ताप घेऊन उतरलेल्याने विमानतळावरूनच प्राध्यापकाला कळवलेले बरे.

ताप लांबला, न्यूमोनिया झाला, किंवा आठवडे गेले तरी अशक्तपणा हटेना, तर एखादा विषय सोडावासा वाटतो. इथे परदेशी विद्यार्थ्याने सगळ्यात जपून पाऊल टाकायचे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यांतले बहुतेक एफ-१ व्हिसावर. या व्हिसाची अट पूर्ण वेळ शिकण्याची आहे: पदवीसाठी सत्राला किमान १२ क्रेडिट, पदव्युत्तर शिक्षणात विद्यापीठ ठरवेल तितके. पूर्ण भारात ऑनलाइन विषय एकच, तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. त्यामुळे ‘आजारी आहे तर सगळे घरूनच करतो’ हा मार्ग खुला नाही. वैद्यकीय कारणासाठी क्रेडिट कमी करण्याची, गरज पडल्यास शून्यावर आणण्याचीही, सोय नियमांत आहे. त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचे पत्र लागते आणि विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ही मंजुरी विषय सोडण्याच्या आधी घ्यायची असते, दर सत्राला नव्याने घ्यायची असते, आणि एका पदवीच्या पातळीवर अशी सवलत एकूण १२ महिन्यांपलीकडे मिळत नाही. विद्यार्थी नेमका उलटा क्रम धरतात. रात्री अडीचला, अंगात ताप असताना, ‘ड्रॉप’ हे बटण दाबतात आणि सकाळी कार्यालयात फोन करतात. सल्लागार, मित्र, कुलगुरू, कोणीही ‘खुशाल सोड’ म्हटले तरी त्या एका अधिकाऱ्याच्या नोंदीशिवाय विषय सोडू नये. चूक झालीच, तर विद्यार्थी म्हणून असलेला कायदेशीर दर्जा पुन्हा मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो कधी निकालात निघेल ते त्या कार्यालयाच्याही हाती नसते.